वारीतलं कुत्रं आणि परतीची वाट

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात हरिपाठानंतर झालेलं भाषण. बोलले तसंच लिहून काढलं आहे.)



शंभर वर्षांच्या दिंडीच्या सप्ताहात मला बोलायला उभं केलंय, आणि विषय काय, तर कुत्रं. काल महाराजांनी नामावर निरूपण केलं, परवा जुन्या विणेकरीबाबांच्या आठवणींनी सगळ्यांचे डोळे भरले. आज कुत्रं. हसा, हसा. मलाही आधी हसूच आलं होतं. पण दिंडीप्रमुख म्हणाले, "वहीत तो ठराव आहे ना, तो का झाला हे नव्या पोरांना माहीत नाही. तुम्हीच सांगा." म्हणून उभा राहिलो.

मी कीर्तनकार नव्हे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ३१ वर्षं व्रणोपचारक होतो. व्रणोपचारक म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली जनावर धरायचं, जखम धुवायची, मलमपट्टी करायची. कुत्र्या-मांजरांचं मला कळतं, असं दिंडीत सगळे धरून चालतात. आणि ज्याला कळतं त्याच्याच हातून चूक झाली, तीच आज सांगायची आहे.

२००९ सालची गोष्ट. आपली दिंडी वेशीबाहेर पडली की गावातली चार-दोन कुत्री मागे येतात, हे तुम्ही बघितलंय. ओढ्यापर्यंत येतात, शेपूट हलवतात, माघारी फिरतात. त्या वर्षी खंड्या फिरला नाही. तांबूस रंगाचं, डाव्या कानाला चिरा पडलेलं चौकातलं कुत्रं. धनी असा कुणी नाही. मारुतीच्या देवळामागं राहणारी म्हातारी त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी घालायची, तेवढंच काय ते त्याचं घर. पहिल्या मुक्कामाला पंगत उठली आणि खंड्या लांब बसून बघत होता. मी त्याला अर्धी भाकरी टाकली.

तेवढंच केलं मी. पण कुत्र्याच्या हिशेबात ते फार मोठं असतं. आपली माणसं निघाली आणि त्यातल्या एकानं तुकडा दिला, म्हणजे आता ह्याच्या मागं चालायचं. पंढरपूर किती लांब, तिथं काय आहे, हे त्याला कुठं ठाऊक? लोक म्हणाले, मागल्या जन्मीचा वारकरी असेल. असेलही. मी वाद घालत नाही. पण एक बघा, ज्यांनी त्याला मागल्या जन्मीचा वारकरी म्हटलं, त्यांतल्या एकानंही त्याच्या परतीचा विचार केला नाही. मीसुद्धा नाही.

आळंदीपर्यंत आमचे तीन मुक्काम. आळंदीत ओळखीचा एक टेम्पो गावाकडं जाणार होता, त्यात खंड्याला बसवून परत पाठवायचं ठरलं. टेम्पोवाला आला तेव्हा खंड्या गर्दीत दिसला नाही, आणि टेम्पो निघून गेल्यावर दहा मिनिटांनी जिभेनं नाक चाटत हजर. पोरं खूश झाली. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू.

पुण्यात त्याचे हाल झाले. आपल्याला वाटतं शहरातली कुत्री मवाळ. तसं नसतं. प्रत्येक गल्लीची हद्द ठरलेली असते आणि परकं कुत्रं दिसलं की चौघं-पाच जण मिळून तुटून पडतात. दोन दिवसांत त्याचा चांगला कानही फाटला. मी जखम धुऊन मलम लावलं. पावसाळ्याच्या दिवसांत उघड्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत किडे पडतात, म्हणून रोज सकाळी बघत होतो. दिवे घाटात मात्र गडी काय चालला! पुढं जायचा, वळणावर बसायचा, आम्ही आलो की पुन्हा पुढं. सासवडला दोन दिवस विश्रांती मिळाली, कान सुकला.

जेजुरीत गंमत झाली. खंडोबाचं गाव, आणि कुत्रं तर देवाच्या जवळचं. वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवून घेतात. भंडारा उधळला गेला आणि हे तांबूस कुत्रं पिवळंजर्द झालं. नाव खंड्या म्हटल्यावर मग विचारूच नका. बाया पाया पडायला लागल्या. कुणी पेढा घातला, कुणी बुंदी, कुणी कांद्याची भजी. मी ओरडत होतो, अहो मायबाई, भजी नका घालू. कोण ऐकतंय? वाल्ह्याला पोचेपर्यंत त्याला जुलाब लागले. कुत्र्याला कांदा-लसूण बाधतो, रक्तावर परिणाम करतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेट तर विषासारखीच समजा. तेलकट-गोडानं पोट बिघडतं. ताकात कुस्करलेली भाकरी किंवा नुसता भात, बास. भक्तीपोटी भजी घालणाऱ्याचा राग येत नाही, पण जुलाब काढायला मीच होतो.

त्या वर्षीचा जून तुम्हाला आठवत असेल. कोरडाच गेला. लोणंदच्या पुढं डांबर असं तापलं होतं की वारकऱ्यांच्या चपला चिकटत होत्या. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या तळव्यांना. अंगातली बाकी सगळी उष्णता ते धापा टाकून, जीभ बाहेर काढूनच घालवतं. त्याच तळव्यांवर तापलेलं डांबर. तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं, सगळे आनंदात, आणि हा तीन पायांवर उभा. पाहिलं तर तळव्याची कातडी सुटलेली. तेव्हापासून मी सांगत आलोय, तुम्ही उलटा तळहात डांबरावर ठेवा आणि सातपर्यंत मोजा. हात ठेववत नसेल तर कुत्र्यालाही चालवायचं नाही. पहाटे चालवा, उन्हाच्या वेळी गाडीत घ्या, रस्त्याकडेच्या मातीवरून न्या.

फलटणपासून त्याला आपल्या सामानाच्या ट्रकमध्ये बसवला. तिथं वाद झाला. आचाऱ्यांबरोबरच्या एक मावशी चिडल्या, कारण खंड्यानं आदल्या रात्री मळलेल्या पिठाच्या परातीत तोंड घातलं होतं. १५० माणसांचं पीठ. टाकून द्यावं लागलं. मावशी म्हणाल्या, "तुमची माया तुमच्यापाशी, माझ्या चुलीपाशी कुत्रं नको." काही जण त्यांना बोलले, नामदेवरायांची गोष्ट सांगायला लागले, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन ते कसे धावले. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, मावशींचं चुकलं नव्हतं. दिंडीत म्हातारी माणसं असतात, लहान पोरं असतात, कुत्र्याला घाबरणारी असतात. एकाच्या हौसेसाठी बाकीच्यांनी का सोसायचं? शेवटी विणेकरीबाबांनी मिटवलं. कुत्रं ट्रकच्या मागल्या बाजूला बांधायचं, पंगत उठल्यावर त्याचं खाणं लांब ठेवायचं, आणि त्याचं सगळं मी बघायचं. मी हो म्हणालो. सगळं मी बघायचं, हे शब्द माझ्या तोंडचे आहेत.

पुरंदवड्याच्या गोल रिंगणाला त्याला चाकाला बांधला. तो रडून रडून बेजार झाला, पण सोडला नाही. रिंगणात अश्व भरधाव येतो, त्यात कुत्रं शिरलं तर घोडा बुजतो, स्वार पडतो, कडेची माणसं तुडवली जातात. तेवढी अक्कल मला होती. आणखी एक अक्कल त्याच दिवशी आली. ट्रकवाला सावलीतून गाडी काढायला गेला आणि कुणीतरी ओरडलं म्हणून वाचला, खंड्या दोर तोडून चाकाखालच्या गारव्यात झोपला होता. तेव्हापासून आपला कुठलाही ट्रक सुरू करण्याआधी खाली वाकून बघतात. ही चाल कुठून आली, हे आजच्या क्लीनर पोरांना माहीत नसेल.

वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूर आलं. धर्मशाळेत कुत्रं घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. खंड्या बाहेर फाटकापाशी राहिला. एकादशीच्या गर्दीत मी दोनदा बाहेर येऊन त्याला बघितलं, पाणी पाजलं. द्वादशीचं पारणं झालं आणि गावाकडून निरोप आला, पाऊस झाला, पेरणीला घात आली, लगेच या. शेतकऱ्याला त्या निरोपापुढं दुसरं काही सुचत नाही. पहाटे ३ वाजता ट्रक निघायचा ठरला. सगळे सामान चढवतायत, एकमेकांना हाका मारतायत. खंड्या ट्रकपाशी उभा. मी त्याला उचलायला गेलो तर ट्रकमध्ये माणूस मावत नव्हता. कुणीतरी वरून म्हणालं, "असू द्या हो. पंढरीत त्याला काय कमी? उलट भाग्य त्याचं." दुसरा म्हणाला, "पुण्यवान जीव, पांडुरंगाच्या दारात राहील."

मला ते पटलं नाही. पण मी चढलो.

मायबापहो, ह्यावर मी पंधरा वर्षांत पुष्कळ विचार केला. गर्दी होती, घाई होती, पेरणी होती, हे सगळं खरं. पण त्यातल्या कशानंही माझा हात धरला नव्हता. मी खाली उतरून म्हणू शकलो असतो, तुम्ही जा, मी मागून येतो. माझी रजा शिल्लक होती. पेरणीला घरी दोन भाऊ होते. मी उतरलो नाही, कारण सगळ्यांनी त्याला पुण्य म्हटलं आणि तो शब्द मला त्या वेळी सोयीचा होता.

ट्रक निघाला. खंड्या मागं पळत आला. मागल्या दिव्याच्या लाल उजेडात दिसत होता. आधी आनंदानं पळत होता, त्याला वाटलं रोजच्यासारखं पुढच्या मुक्कामाला चाललोत. मग मागं पडायला लागला. तळवे अजून पुरते भरले नव्हते. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला, ड्रायव्हरनं वेग घेतला, आणि तो दिसेनासा झाला. नामदेवराय कुत्र्यामागं धावले होते. आमच्या मागं कुत्रं धावत होतं, आणि आम्ही भजन म्हणत होतो.

गावात आल्यावर तिसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापाशी म्हातारी भेटली. प्रसाद दिला, तिनं कपाळाला लावला आणि विचारलं, "खंड्या कुठंय?" मी म्हणालो, राहिला पंढरपुरात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "देवाला भेटवायला नेलं अन् तिथंच टाकून आलास व्हय रं?"

कार्तिकीला मी गेलो, खास त्याच्यासाठी. धर्मशाळेच्या आसपास, घाटावर, स्टेशनकडं, तीन दिवस हिंडलो. चिरलेल्या कानाची दोन कुत्री दिसली, खंड्या नव्हता. चहावाल्यानं सांगितलं, आषाढीनंतर दरवर्षी अशी बाहेरची कुत्री दिसतात. चार-सहा दिवस फाटकापाशी बसतात, मग कुठं जातात कळत नाही. मला कळत होतं. परक्या हद्दीत कुत्र्याचं काय होतं ते मी पुण्यात बघितलं होतं. तिथं त्याच्यासाठी मी तरी होतो.

कीर्तनात आपण धर्मराजाची गोष्ट ऐकतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली, शेवटी बरोबर राहिलं कुत्रं, आणि त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराज तयार झाला नाही. मी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल, आणि किती वेळा मान डोलावली असेल.

२०१० च्या माघात दिंडीची बैठक झाली तेव्हा मी उभं राहून हे सगळं सांगितलं. काही जण म्हणाले, कुत्र्यासाठी ठराव कशाला? चिडलेल्या त्या मावशीच म्हणाल्या, "ठराव पाहिजे. कुत्रं न्यायचं नाही, आणि आलंच तर आणल्याशिवाय राहायचं नाही." वहीत तसंच लिहिलं गेलं. दिंडी निघण्याच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत चौकातली कुत्री गावात राहणाऱ्यांनी बांधून ठेवायची, त्यांना खायला-प्यायला द्यायचं. वाटेत त्यांना पहिला तुकडा टाकायचा नाही. हे कठोर वाटतं, पण त्या तुकड्यानंच सगळं सुरू होतं. तरी एखादं आळंदीच्या पुढं आलंच, तर ज्यानं त्याला खाऊ घातलं त्याचं नाव वहीत लिहायचं, आणि त्या माणसानं ते गावात परत आणून सोडायचं. माणसाची जशी हजेरी लागते, तशी परतीला कुत्र्याची लागते.

लस हा आणखी एक मुद्दा. आता दरवर्षी चैत्रात आपण चौकातल्या कुत्र्यांना पिसाळण्याची लस टोचून घेतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, पुढं दरवर्षी. वारीच्या आदल्या आठवड्यात टोचून उपयोग नाही, अंगात ताकद यायला महिनाभर लागतो. आणि वारीत कुणाला कुठल्याही कुत्र्यानं चावा घेतला, ओरखडा जरी काढला, तर आधी जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची. चुना, मिरची, हळद काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशी इंजेक्शनं असतात. वाटेत मुक्काम बदलला तरी कागद घेऊन पुढच्या सरकारी दवाखान्यात राहिलेलं घेता येतं. "पंढरपूरला पोचल्यावर बघू" असं म्हणू नका. हा रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही. मी नोकरीत जनावरं बघितलीत त्यानं गेलेली.

हल्ली पुण्याहून पोरं-पोरी आपापली पाळलेली कुत्री घेऊन एक दिवस दिवे घाटात चालतात, फोटो काढतात. त्यांना मी नावं ठेवत नाही, माया असते त्यांची. पण चपट्या नाकाचं कुत्रं, ते पग की काय म्हणतात, त्याला सपाट रस्त्यावरसुद्धा श्वास पुरत नाही. चार वर्षांपूर्वी घाटाच्या मध्यावर एक असंच आडवं झालं. जीभ जांभळी, डोळे फिरवलेले. सावलीत घेतलं, पोटावर आणि पंजांवर साधं पाणी ओतलं, वारा घातला, मग दवाखान्यात धाडलं. बर्फाचं पाणी एकदम ओतायचं नसतं, हेही लक्षात ठेवा. जगलं ते. ती पोरगी रडत होती आणि मी तिला रागावत होतो, आणि रागावताना मला माझंच आठवत होतं.

आता पिंगीचं सांगून थांबतो. २०१८ साली पिंगीला बांधली होती, तिनं दावं कुरतडलं आणि आळंदीत येऊन आम्हाला गाठलं. नसबंदी झालेली होती हे नशीब. नाहीतर माजावर आलेली कुत्री दिंडीत असली की वाटेतले सगळे बोके, म्हणजे कुत्रे, राहुटीला वेढा घालून रात्रभर भांडतात. हसू नका, अनुभव आहे. तिला खायला घातलं कुणी? त्याच मावशींनी! नाव वहीत त्यांचं लागलं. मावशींचं वय तेव्हा ६८.

पंढरपुरात काल्याच्या दिवशी ट्रकची वेळ झाली. पिंगीला आधीच्या मुक्कामाला ट्रकमध्ये चढवून बघितलं होतं, तर तिनं दोन कोसांत ओकून माणसांचे कपडे खराब केले. मावशी म्हणाल्या, "मी पालखीबरोबर चालत जाते." मी म्हणालो, मीही येतो.

परतीची वारी तुमच्यातल्या थोड्यांनीच केली असेल. जाताना लाखो माणसं, येताना मोजकी. जाताना अठरा-एकोणीस दिवस, येताना दहा-अकरा, म्हणजे चाल लांब आणि झपझप. कमानी नाहीत, फराळाचे स्टॉल नाहीत. वेळापूर, नातेपुते, फलटण ही गावं जाताना जत्रेसारखी असतात, येताना आपापल्या कामात. त्या वर्षी पाऊस चांगला होता, रस्ता गार होता, कडेला बाजरी उगवून आलेली. पिंगी दोरीला असायची, मोकळं रान लागलं की मावशी सोडायच्या. माउलींच्या पादुका पुढं, मागं थोडे टाळकरी, त्यामागं मावशी आणि पिंगी. गाव आलं की मी हातात काठी घेऊन पुढं व्हायचो, गावातली कुत्री अंगावर येऊ नयेत म्हणून. एका मुक्कामाला मावशींनी मला विचारलं, "त्या वर्षीचं पीठ आठवतंय?" मी म्हणालो, आठवतंय. "मी तेवढी चिडले नसते तर तुम्ही त्याला ट्रकात घेतलं असतं का हो?" नऊ वर्षं ही बाई हे मनात घेऊन होती. मी सांगितलं, मावशी, तुमचा काही संबंध नाही, मीच चढलो.

आळंदीहून पुढं तीन मुक्काम करून आम्ही गावात शिरलो ते भर दुपारी. चौकात कुणी नव्हतं. मारुतीच्या देवळामागची म्हातारी तोवर गेली होती, तिला दाखवायचं राहून गेलं. मावशींनी वही काढून पिंगीच्या नावापुढं आपल्या हातानं "पोचली" असं लिहिलं. वही इथंच आहे, ज्यांना बघायची त्यांनी बघा, २०१८ च्या पानावर.

पिंगी आता म्हातारी झाली, तोंड पांढरं पडलंय. सकाळपासून मंडपाच्या मागं बसली आहे आणि तिचं पाणी भरायचं माझं राहिलंय. तेवढं करून येतो.

राम कृष्ण हरी.